मराठी प्रश्नपत्रिकेत समीकरणे वर्डमध्ये कशी टाइप करावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला गणित शिकवणाऱ्या एका सरांना पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका स्वतः वर्डमध्ये टाइप करायची आहे. अपूर्णांक ते तिरकी रेघ देऊन लिहितात, वर्गमूळ आणि कोनाचे चिन्ह ‘इन्सर्ट सिम्बॉल’मधून एकेक शोधून टाकतात. एवढे करून छपाईच्या दुकानात फाइल उघडली की ओळी सरकलेल्या आणि काही चिन्हांच्या जागी चौकोन. मॅथटाइप (समीकरणे टाइप करायचे वेगळे सॉफ्टवेअर) विकत घ्यावे, लाटेक (आज्ञा लिहून पाने जुळवायची पद्धत) शिकावे, की वर्डमध्येच काही सोय आहे, असे त्यांनी विचारले आहे.

सर, वर्डमध्येच सोय आहे आणि ती चांगली आहे. प्रश्नपत्रिकेसाठी काही विकत घेऊ नका. मी क्लासच्या नोट्स, सराव प्रश्नसंच, शाळांचे पेपर असेच काम करतो. मराठी मजकुरात गणित बसवताना जे अडते ते बहुतेक वेळा गणितामुळे नव्हे, मराठी आणि समीकरण एकाच ओळीत आल्यामुळे अडते. इंग्रजीतल्या मार्गदर्शक व्हिडिओंत नेमके तेवढेच नसते, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

एक खुलासा आधीच करतो. खाली टाइप करायच्या गोष्टींत इंग्रजी अक्षरे मी देवनागरीत लिहिली आहेत. एक्स, बी, एसक्यूआरटी असे दिसले की कीबोर्डवर ती इंग्रजी अक्षरेच, आणि आज्ञा असेल तर छोट्या लिपीत, टाइप करायची.

आधी हे ठरवा की कशासाठी समीकरणाची चौकट (वर्डमध्ये गणित लिहायला उघडणारी खास जागा) उघडायची आणि कशासाठी नाही. माझ्याकडे येणाऱ्या फाइलींत दोन टोके दिसतात. काही शिक्षक सगळेच साध्या मजकुरात लिहितात, काही जण ‘रेख एबी = ५ सेमी’साठीसुद्धा चौकट उघडतात. माझा नियम पेपरवर अवलंबून आहे. भाग १, म्हणजे बीजगणिताच्या पेपरात प्रत्येक चल चौकटीतच लिहायचा, ओळीत एकटा एक्स आला तरी. कारण चौकटीतला एक्स कॅम्ब्रिया मॅथ फाँटमध्ये तिरपा दिसतो आणि मजकुरातला एक्स टाइम्समध्ये सरळ. एकाच प्रश्नात दोन वेगळे एक्स दिसले की हुशार मुलगाही क्षणभर थबकतो. भाग २, म्हणजे भूमितीच्या पेपरात उलट. तिथे त्रिकोणाची नावे, रेख, किरण, समांतर, एकरूप हे सगळे साध्या मजकुरात लिहा. चौकट फक्त गुणोत्तर, वर्गमूळ आणि त्रिकोणमितीच्या सूत्रांसाठी. भूमितीचा पेपर असा टाइप केला की निम्मा वेळ वाचतो.

साध्या मजकुरात घातांक हवा असेल (‘चौसेमी’ऐवजी सेमी² लिहायचे असेल, समजा) तर कंट्रोल आणि शिफ्ट दाबून बरोबरच्या चिन्हाचे (=) बटण दाबा. नुसते कंट्रोल आणि बरोबर दाबले की अक्षर खाली जाते. तेच बटण पुन्हा दाबले की पूर्ववत. त्यासाठी मेनूत जायची गरज नाही.

साध्या मजकुरात ऋण संख्या मात्र सांभाळा. कीबोर्डवरची आडवी रेघ वजाचे चिन्ह नसते, ती जोडरेघ असते. ओळ संपताना वर्ड ती जोडरेघ मागे ठेवतो आणि ५ पुढच्या ओळीत ढकलतो. उत्तर −५ आहे की ५, हे मुलाने कशावरून ओळखायचे? कंट्रोल, शिफ्ट आणि ती रेघ एकत्र दाबली की न तुटणारी जोडरेघ पडते. चौकटीत हा प्रश्नच येत नाही, तिथे वर्ड स्वतःहून खरे वजाचे चिन्ह टाकतो.

आता चौकट. ऑल्ट दाबून बरोबरचे बटण दाबले की समीकरणाची चौकट उघडते. मॅकवर ऑल्टऐवजी कंट्रोल. इथेच मराठी टाइप करणाऱ्यांची पहिली ठेच आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असेल तर बरोबरच्या बटणावर ऋकाराची खूण असते आणि शॉर्टकटचा भरवसा राहत नाही. चौकट उघडली तरी आत मराठी अक्षरे पडू लागतात. म्हणून हाताला सवय लावा: आधी विंडोज आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर यायचे, मग ऑल्ट-बरोबर, समीकरण, उजवा बाण दाबून बाहेर, आणि पुन्हा विंडोज-स्पेस. सुरुवातीला हे किचकट वाटते, पण एक पेपर होईपर्यंत बोटे आपोआप चालतात. विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आला आहे. तो वापरत असाल तरी क्रम हाच.

वर्डच्या ऑप्शन्समध्ये, अॅडव्हान्स्ड विभागात, आजूबाजूच्या मजकुराची भाषा बघून कीबोर्ड आपोआप बदलण्याची एक खूण असते. ती काढून टाका. कर्सर मराठी शब्दाशेजारी गेला की वर्ड परस्पर कीबोर्ड फिरवतो आणि तुम्ही कुठल्या लिपीत आहात याचा पत्ता लागत नाही.

चौकट उघडल्यावर वरच्या पट्टीत अपूर्णांक, मुळे, कंस यांची चित्रे दिसतात. बहुतेक जण तिथेच अडकतात: माउसने अपूर्णांक निवड, वरच्या ठिपक्यांच्या चौकोनात क्लिक, खालच्यात क्लिक. एका वर्गसमीकरणाच्या सूत्राला वीस-पंचवीस क्लिक. ती पट्टी सोडून द्या. वर्ड २००७ पासून जे समीकरण-साधन आले आहे ते मुळात टाइप करण्यासाठी बनवलेले आहे. मायक्रोसॉफ्टमधले मरे सार्जंट यांनी त्याची ओळीत लिहिण्याची पद्धत बसवली, तिला युनिकोडमॅथ म्हणतात. गणित आपण फळ्यावर बोलत बोलत लिहितो त्या क्रमाने ते टाइप करायचे, आणि स्पेसबार दाबला की वर्ड त्याला छापील रूप देतो.

उदाहरणार्थ ए/बी टाइप करून स्पेस दाबा: आडव्या रेघेचा अपूर्णांक तयार. एक्स^२ आणि स्पेस: वर्ग. ए_१ आणि स्पेस: खाली छोटा १. \एसक्यूआरटी टाइप करून स्पेस दिली की वर्गमुळाचे चिन्ह येते. मग कंसात जे लिहाल ते त्याच्या छताखाली जाते आणि कंस गायब होतो. घनमुळासाठी \सीबीआरटी.

हा कंस गायब होण्याचा प्रकार समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर चालते. (ए+बी)/(सी+डी) असे लिहिले तर कंस फक्त ‘एवढे अंशात, एवढे छेदात’ हे सांगण्यासाठी आहेत असे वर्ड मानतो आणि छापील रूपात ते काढून टाकतो. तुम्हाला कंस खरोखर दिसायला हवे असतील तर दोनदा द्या. वर्गसमीकरणाचे सूत्र मग असे टाइप होईल (मधले स्वल्पविराम टाइप करायचे नाहीत, आणि \पीएम म्हणजे ±): एक्स=(-बी\पीएम, स्पेस, \एसक्यूआरटी, स्पेस, (बी^२-४एसी))/२ए, स्पेस. माउसला हात न लावता पूर्ण सूत्र उभे राहते. (हेच सूत्र वर्डच्या समीकरणांच्या तयार यादीतही आहे, पायथागोरसच्या शेजारीच. पण पेपरात तुम्हाला ते संख्या घालून हवे असते, त्यामुळे टाइप करता येणे बरे.)

एक सापळा आहे. वर्ड लागून आलेली अक्षरे आणि अंक एकच गट मानतो. १/२ए लिहिले तर २ए पूर्ण छेदात जातो. बऱ्याचदा आपल्याला तेच हवे असते. पण एक्स^२वाय लिहिले तर २वाय हा सगळाच घातांक होतो. म्हणून २ नंतर स्पेस द्यायची, घातांक वर गेलेला दिसला की मग वाय. पेपर तपासताना नजर नेमकी इथे ठेवा. घातांकात चढलेला वाय चटकन लक्षात येत नाही, आणि परीक्षेच्या खोलीत मुले हात वर करायला लागतात.

दहावीला लागणाऱ्या बाकीच्या आज्ञा अशा. गुणिले \टाइम्स, पेक्षा लहान किंवा बरोबर \एलई, मोठे किंवा बरोबर \जीई, बरोबर नाही \एनई, थीटा \थीटा, पाय \पाय, कोन \अँगल, अंश \डिग्री, लंब \पर्प, समांतर \पॅरलल, एकरूप \काँग, म्हणून \देअरफोर, कारण \बिकॉज. स्पेलिंग इंग्रजी शब्दाचेच, फक्त पर्प आणि काँग हे पर्पेंडिक्युलर आणि काँग्रुअंटची अनुक्रमे पहिली चार अक्षरे. साइन, कॉस, टॅन यांच्या तीन अक्षरांनंतर स्पेस दिली की ती सरळ उभी होतात, तिरपी राहत नाहीत. साइन वर्ग थीटासाठी आधी साइनवर घातांक, मग स्पेस, मग थीटा. आवर्ती दशांशावरची आडवी रेघ \ओव्हरबार आणि कंसात अंक.

ही चिन्हे चौकटीबाहेर, साध्या मजकुरातही याच आज्ञांनी हवी असतील तर ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, मॅथ ऑटोकरेक्ट या वाटेने जा आणि ‘चौकटीबाहेरही हे नियम वापरा’ अशा अर्थाची जी ओळ आहे तिच्यावर खूण करा. भूमितीच्या पेपरात हे फार सोयीचे पडते. त्याच जागी स्वतःची आज्ञाही घालता येते. मी त्रिकोणासाठी \टीआरआय ठेवली आहे.

क्रेमरच्या पद्धतीचे प्रश्न हा वेगळा विषय आहे, कारण निश्चयक टाइप करणे लोकांना सर्वांत जड जाते. मी बघितले आहे की शिक्षक चक्क टेबल काढून त्याला डाव्या-उजव्या रेघा देतात. त्याऐवजी चौकटीत हे टाइप करा: उभी रेघ, \मॅट्रिक्स, (ए_१&बी_१@ए_२&बी_२), उभी रेघ, स्पेस. ‘अँड’चे चिन्ह म्हणजे पुढचा स्तंभ आणि ‘अॅट’चे चिन्ह म्हणजे पुढची ओळ, एवढे लक्षात ठेवले की तीन बाय तीनही जमते. उभ्या रेघा आतल्या उंचीप्रमाणे आपोआप ताणल्या जातात. एक निश्चयक नीट झाला की तो निवडून ‘सेव्ह अॅज न्यू इक्वेशन’ करा. पुढच्या वेळी यादीतून घ्यायचा आणि फक्त अंक बदलायचे.

एकसामायिक समीकरणे किंवा उत्तरपत्रिकेतल्या पायऱ्या एकाखाली एक लिहायच्या असतील तर प्रत्येक ओळीनंतर एंटर नव्हे, शिफ्ट-एंटर दाबा. सगळ्या ओळी एकाच चौकटीत राहतात. मग त्या निवडून उजवे क्लिक केले की बरोबरच्या चिन्हावर जुळवण्याचा पर्याय मिळतो आणि सगळी बरोबरची चिन्हे एका रेषेत येतात. स्पेसबारने चिन्हे सरकवत बसलेल्या फाइली अजून येतात. फाँट बदलला की त्या लगेच विस्कटतात. समीकरणाला क्रमांक हवा असेल तर शेवटी #(१) लिहून एंटर द्या, मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वर्डमध्ये क्रमांक उजव्या कडेला जातो.

आता मराठीचा मुद्दा. चौकटीत शक्यतो मराठी घालू नका. कॅम्ब्रिया मॅथमध्ये देवनागरी नाहीच, त्यामुळे वर्ड दुसऱ्या फाँटमधून अक्षरे उसनी आणतो. तुमच्या मशीनवर एक फाँट येतो, दुकानातल्या मशीनवर दुसरा, आणि जोडाक्षरे-वेलांट्या कशा बसतील याची हमी देता येत नाही. ‘जर’, ‘तर’, ‘किंवा’, ‘म्हणून’ हे शब्द चौकटीबाहेर ठेवून चौकट तोडा: एक समीकरण, बाहेर ‘किंवा’, पुन्हा दुसरे समीकरण. चौकटी दोन झाल्या तरी चालतात.

पण ‘वेग बरोबर अंतर भागिले वेळ’ किंवा ‘संभाव्यता बरोबर अनुकूल घटना भागिले एकूण घटना’ असे सूत्र असेल तर मराठी शब्दच अंश-छेदात जातात, टाळता येत नाहीत. अशा वेळी माझा पहिला उपाय जुना आहे आणि आज फार थोड्यांना माहीत आहे. वर्डमध्ये समीकरणाचे ‘फील्ड’ असते. साध्या मजकुरात कंट्रोल-एफ९ दाबा, महिरपी कंसांची जोडी येईल. ती हाताने टाइप करून चालत नाही, कंट्रोल-एफ९नेच यायला हवी. तिच्यात इंग्रजी ई क्यू ही दोन अक्षरे, स्पेस, मग \एफ(अंतर,वेळ) असे लिहा. एफ म्हणजे फ्रॅक्शन. मग शिफ्ट-एफ९ दाबले की अंतर वर, वेळ खाली, मध्ये रेघ. यातली अक्षरे साध्या मजकुराच्याच फाँटमध्ये असतात, म्हणून मंगल असो की निर्मला, जोडाक्षर बिघडत नाही. दुरुस्ती करायची असेल तर पुन्हा शिफ्ट-एफ९. लॅपटॉपवर बऱ्याचदा एफएन बटणही सोबत दाबावे लागते.

दुसरा उपाय चौकटीतच: मराठी शब्द निवडून पट्टीतले ‘नॉर्मल टेक्स्ट’ दाबा आणि त्या शब्दाला निर्मला किंवा मंगल फाँट स्वतः द्या. नॉर्मल टेक्स्ट केल्याशिवाय फाँट बदलत नाही. पेपर छापायला देण्याआधी पीडीएफमध्ये तो शब्द मोठा करून बघा, पडद्यावर ठीक दिसला म्हणून सोडू नका.

अंक कुठले वापरायचे हा प्रश्नही इथेच येतो. प्रश्न क्रमांक आणि गुण देवनागरी अंकांत, समीकरणातले अंक आंतरराष्ट्रीय, अशी पद्धत मी दहावीच्या पेपरांत ठेवतो. रोमन चलाच्या शेजारी देवनागरी ४ बसवला तर दोन्हींची उंची जुळत नाही आणि घातांकातला देवनागरी अंक फारच बारीक पडतो. तुमच्या शाळेत वेगळी पद्धत असेल तर तीच ठेवा, पण एका पेपरात एकच ठेवा.

यापुढच्या भानगडी दिसायला किरकोळ आहेत, पण ‘माझा पेपर विचित्र दिसतो’ असे म्हणणाऱ्यांच्या फाइलींत नव्वद टक्के वेळा यांपैकीच एक निघते.

पहिली, मराठी मोठे आणि समीकरण बारीक दिसणे. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो आणि तिच्यासाठी फाँट, आकार, ठळकपणा या सगळ्यांच्या वेगळ्या नोंदी ठेवतो. तुम्ही मराठी शब्द निवडून आकार १४ केला तर इंग्रजी अक्षरे आणि अंकांचा आकार ११ च राहू शकतो, आणि समीकरण या दुसऱ्या आकारावर चालते. कंट्रोल-डी दाबून फाँटची खिडकी उघडा. तिथे लॅटिन आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट असे दोन भाग दिसतील. दोन्हीकडे आकार स्वतः द्या. त्याहून बरे म्हणजे ‘नॉर्मल’ या स्टाइलमध्येच एकदा दोन्ही ठरवून टाका. दोन्ही आकार समान ठेवायची गरज नाही. मंगल १२ असेल तर समीकरण १२ मध्ये बरे दिसते. पण कोकिळा हा फाँट मूळचाच बारीक आहे, तो १६ घेऊन समीकरण १२ ठेवले तर डोळ्याला सारखे वाटतात.

दुसरी, अपूर्णांकाचे डोके कापले जाणे. पान वाचवण्यासाठी लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’ ठेवलेले असते. त्या ठरलेल्या उंचीबाहेर जे जाते ते वर्ड कापतो. ‘अॅट लीस्ट’ किंवा ‘सिंगल’ करा.

तिसरी नेमकी उलटी. दोन ओळींत अचानक तीन बोटे अंतर पडते, कितीही केले तरी कमी होत नाही. याचे कारण साध्या मजकुरातल्या एखाद्या अंकाला किंवा नुसत्या स्पेसला कॅम्ब्रिया मॅथ हा फाँट लागलेला असतो. उंच गणिती चिन्हांसाठी त्या फाँटची ओळीची उंची अवाढव्य ठेवलेली आहे. चौकटीत वर्ड ते सांभाळून घेतो, चौकटीबाहेर नाही. ती ओळ निवडून फाँट साधा कॅम्ब्रिया किंवा टाइम्स करा.

चौथी, बहुपर्यायी प्रश्नांतले अपूर्णांक बारीक होणे. समीकरण परिच्छेदात एकटे असेल तर वर्ड ते पूर्ण आकारात दाखवतो. त्याच ओळीत एकही शब्द आला की ते ओळीत बसवण्यासाठी अपूर्णांकाचे अंश-छेद लहान होतात. मजकुराच्या मध्ये ते योग्यच आहे. पण (अ), (ब), (क), (ड) असे चार पर्याय एका ओळीत असतील तर ३/५ आणि ३/८ मधला फरक झेरॉक्सवर ओळखू येत नाही. मी यासाठी बिनरेघांचे टेबल वापरतो: अक्षर एका खणात, समीकरण शेजारच्या खणात एकटे. खणात एकटे असल्यामुळे ते पूर्ण आकारात येते. ते मध्यभागी सरकले असेल तर समीकरणावर क्लिक करून डावीकडे घेण्याचा पर्याय निवडा. टेबल एकदा बनवून ठेवले की पुढच्या पेपरला तेच.

प्राथमिकच्या शिक्षकांना लागणारा उभ्या मांडणीचा भागाकार मात्र या चौकटीत नीट होत नाही. तिथे टेबल आणि निवडक रेघा हाच मार्ग. वाद घालण्यात अर्थ नाही.

जुन्या फाइलींबद्दल. शाळेत दहा-पंधरा वर्षांचे पेपर साठलेले असतात आणि त्यातली समीकरणे दुसऱ्याच साधनाची असतात: इक्वेशन एडिटर ३.०. ते डिझाइन सायन्स या कंपनीने बनवलेले होते आणि वर्षानुवर्षे ऑफिससोबत येत असे. २०१७ मध्ये त्यात सुरक्षेचे मोठे भगदाड सापडले, त्या साधनाची जी प्रोग्रॅम-फाइल सदोष होती ती २००० सालची होती, आणि जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने ते साधनच काढून टाकले. म्हणून जुनी समीकरणे दिसतात, छापतात, पण डबल क्लिक केले की उघडत नाहीत. संगणक बिघडलेला नाही. नव्या वर्डमध्ये मात्र डबल क्लिक केल्यावर ती नव्या रूपात बदलायची का असे विचारले जाते. हो म्हणा आणि प्रत्येक समीकरण डोळ्यांखालून घाला. आधी फाइलची प्रत काढून ठेवा, हे सांगायला नकोच.

‘समीकरणाचे बटणच फिके आहे, दाबले जात नाही’ ही तक्रारही जुन्या फाइलींचीच. वर ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ असे लिहिलेले असते. फाइल, इन्फो, कन्व्हर्ट. आणि नवा पेपर चुकूनही ‘वर्ड ९७-२००३’ प्रकारात सेव्ह करू नका. त्या प्रकारात समीकरणे चित्रे बनतात.

जुना मजकूर आयएसएम किंवा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर आणखी एक गुंता. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. सगळी फाइल कन्व्हर्टरमध्ये टाकली तर मराठी सुधारते आणि मध्ये मध्ये आलेल्या इंग्रजी चलांचे, चिन्हांचे भलतेच काही होते. म्हणून फक्त मराठी फाँटमधले तुकडे निवडून बदला. वर्डच्या ‘फाइंड’मध्ये फाँटच्या नावाने शोधता येते, ते इथे कामाला येते. आणि समीकरणे पाच-सहाच असतील तर सरळ नव्याने टाइप करा, ते लवकर होते.

हल्ली एक नवी गोष्ट सुरू झाली आहे. शिक्षक चॅटजीपीटीकडून प्रश्न तयार करून घेतात आणि ते वर्डमध्ये चिकटवले की डॉलरची चिन्हे, बॅकस्लॅश, महिरपी कंस यांचा सडा पडतो. तो लाटेकचा मजकूर आहे, कचरा नाही. डॉलर वगळून मधला भाग कॉपी करा, ऑल्ट-बरोबरने चौकट उघडून आत चिकटवा, पट्टीत युनिकोडऐवजी लाटेक निवडा आणि ‘कन्व्हर्ट’मधून प्रोफेशनल करा. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये हे चालते. जुन्या २०१० किंवा २०१३ मध्ये नाही. आणि त्यातली गणिते स्वतः सोडवून बघितल्याशिवाय पेपरात घेऊ नका. टायपिंग सुंदर आणि उत्तर पर्यायांतच नाही, असे नमुने माझ्याकडे आलेले आहेत.

तुम्ही विचारलेल्या दोन पर्यायांविषयी आता. मॅथटाइप उत्तम आहे. डिझाइन सायन्सचेच, आता स्पेनमधल्या विरिस कंपनीकडे. पण ते वर्षाच्या वर्गणीवर चालते, आणि ज्याच्या मशीनवर ते नाही त्याला तुमचे समीकरण दुरुस्त करता येत नाही. प्रकाशकाने तेच मागितले असेल तर घ्या. शाळेच्या पेपरासाठी नको. लाटेकचे तसे नाही. ते फुकट आहे, गणित त्यात सर्वांत देखणे येते, आणि झीलाटेकमधून मराठीही व्यवस्थित छापता येते. चारशे पानांचे पुस्तक, एमएस्सीच्या नोट्स, शोधनिबंध असे काही मनात असेल तर जरूर शिका. पण परीक्षा आठ दिवसांवर असताना नाही. शिवाय शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकाला ऐनवेळी एक प्रश्न बदलायचा असेल तर तो तुमच्या लाटेकच्या फाइलीत हात घालू शकणार नाही. मला हे कारण बाकी सगळ्या कारणांपेक्षा मोठे वाटते.

गूगल डॉक्समध्येही समीकरण आहे, पण त्यात निश्चयकासारखी मांडणी करायची सोय नाही, त्यामुळे बीजगणिताचा पेपर तिथे अडतो. लिब्रेऑफिस फुकट आणि भक्कम आहे. त्याची टाइप करायची भाषा वेगळी आहे, अपूर्णांकाला तिरकी रेघ नाही तर ‘ओव्हर’ हा शब्द. एकच फाइल वर्ड आणि लिब्रेऑफिस अशी दोन्हीकडे फिरवत राहू नका, प्रत्येक फेरीत काहीतरी हलते.

शेवटी छपाई. दुकानात वर्डची फाइल कधीच देऊ नका. तुमच्या मशीनवर ‘सेव्ह अॅज’ करून पीडीएफ बनवा, तीच द्या. चौकोनांची तुमची तक्रार बहुतेक एवढ्यानेच मिटेल, कारण पीडीएफमध्ये फाँट सोबत जातात. काही कारणाने वर्डचीच फाइल द्यावी लागली तर ऑप्शन्समधल्या ‘सेव्ह’ विभागात फाँट फाइलीत बसवण्याची खूण करा. व्हॉट्सअॅपवर मुख्याध्यापकांना तपासायलाही पीडीएफच पाठवा. फोनवरच्या फुकट अॅपमध्ये वर्डची फाइल उघडली की समीकरणांच्या जागा रिकाम्या दिसतात आणि ‘सर, प्रश्न तिसरा अर्धाच आहे’ असा फोन येतो. छापायच्या आधी एक प्रत साध्या झेरॉक्सवर काढून बघा. घातांक, दशांशचिन्ह आणि आवर्ती दशांशावरची रेघ या तीन गोष्टी झेरॉक्समध्ये आधी पुसट होतात; त्या वाचता येत नसतील तर समीकरणांचा आकार एका पॉइंटने वाढवा.